शब्दचर्चा: यंत्रमानव घडवणारा त्याचा जनक, पालक की मालक?

इंदिरानगर: एका विज्ञानकथेचा अनुवाद करतोय. शास्त्रज्ञ स्वतः घडवलेल्या यंत्रमानवाला 'माझं लेकरू' म्हणतो, पण त्याला बंद करायची कळ खिशात बाळगतो. अशा माणसाला काय म्हणावं? 'निर्माता' म्हटलं की सिनेमावाला डोळ्यांपुढे येतो. 'जनक' चालेल?

पंचवटी: 'जनक' नको. शोध लावणारा जनक असतो हे खरं, पण दत्तकाच्या भाषेत 'जनक पिता' म्हणजे मूल दुसऱ्याच्या ओटीत घालून हक्क सोडणारा. तुमचा शास्त्रज्ञ काहीच सोडत नाहीये.

सातपूर: सरळ 'मालक' लिहा. 'रोबो'चं मूळ बघा. कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकात तो शब्द आला, सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबो लोखंडी नाहीत, चांगले हाडामांसासारखे आहेत. म्हणजे वेठबिगारच की! आमच्या शॉपवर वेल्डिंगचा रोबो आहे, त्याला अजून कुणी बाळ म्हटलेलं नाही.

पंचवटी: वेल्डिंगच्या रोबोला मन नसतं हो. 'मालक' म्हटलं की कथेतला पेचच संपला. 'स्टार ट्रेक' मालिकेतला यंत्रमानव डेटा आठवा. 1989 च्या एका भागात तो मालमत्ता आहे का यावर सुनावणी होते आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो. पुढच्याच वर्षीच्या भागात तो स्वतः मुलगी घडवतो, लाल नावाची, आणि वरिष्ठ अधिकारी तिला त्याच्यापासून न्यायला येतो. डेटाला स्वतःपुरती मोकळीक मिळाली होती, बापपण मात्र पुन्हा नव्याने सिद्ध करायची वेळ आली. मला तो दुसरा भाग जास्त बोचतो. 'पालक' लिहा.

दिंडोरी: 'पालक' शाळेच्या फॉर्मवरचा शब्द, फार गोड आहे. आमच्याकडे सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयाने लहान. पोरगं अठराचं झालं की अर्ज करून तो शेरा कमी करता येतो. यंत्रमानवाचं उलटं आहे. तो पहिल्या दिवसापासून सगळं जाणतो, पण सज्ञान कधी ठरतच नाही, कारण त्याच्या अठराव्या वर्षाची तारीखच कुणी ठरवलेली नाही. म्हणून 'पालनकर्ता' घ्या. त्यात माया आहे आणि सहीचा अधिकारही.

इंदिरानगर: हे पटलं. 'पालनकर्ता' घेतो. आता पुढचं: शेवटी यंत्रमानव विचारतो, 'माझी इच्छा माझी आहे की तुम्ही भरलेली?' इथे 'स्वेच्छा' बसेल का?

सातपूर: 'स्वेच्छा' आम्ही फक्त स्वेच्छानिवृत्तीत पाहिली. तिथे इच्छा कुणाची असते ते विचारू नका.

पंचवटी: 'मर्जी'ही नको, ती मराठीत बहुतेकदा वरच्याचीच असते, खालच्याने सांभाळायची. 'इच्छा'च ठेवा आणि 'भरलेली'ऐवजी 'घातलेली' करा. सामान भरल्यासारखं नको, संस्कार घातल्यासारखं वाचलं गेलं पाहिजे.

दिंडोरी: संस्कार 'करतात', घालत नाहीत. 'लावलेली' लिहा. सवय लावतात, वळण लावतात, द्राक्षाची वेलही मांडवाला लावतात.