स्लीव्ह सर्जरीनंतर गाण्याचा आवाज बदललाय, कुणाला दाखवू? (सांगली-मिरज, बजेट ५ हजार)

सांगलीची_हळद:
नमस्कार मंडळी. होळीच्या आसपास माझी स्लीव्ह (वजन उतरवायला पोटाचा मोठा भाग काढून टाकतात ती सर्जरी) झाली, वजन १०४ वरून ७३ वर आलंय. शुगर आटोक्यात, गुडघे खूश, घरचे खूश. गळा तेवढा नाराज आहे. सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असतो, दहा-अकरापर्यंत नुसती खाकरत बसते. मंद्रात (खालच्या सप्तकात) गेलं की पंचमाच्या खाली हवाच येते. आधी आलाप एका दमात समेपर्यंत नेता यायचा, आता मध्येच श्वास चोरून घ्यावा लागतो. आणि गंमत म्हणजे तार षड्ज (वरचा सा) आधीपेक्षा सहज लागतोय! क्लासमधल्या मुली म्हणतात ताई आवाज पातळ झाला तुमचा. छातीत जळजळ अजिबात नाही.
काळी चारमध्ये गाते (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा). दिवाळी पहाटला दोन नाट्यपदं आणि एक अभंग कबूल करून बसलेय. तर ईएनटीला दाखवू, व्हॉइस थेरपी घेऊ की पट्टी बदलू? हा बदल कायमचा असतो का? सगळं मिळून ५ हजारात बसवायचंय, सर्जरीत आधीच भरपूर गेलेत.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
ताई अभिनंदन! माझी २०१९ ला झाली, ४६ किलो उतरवले आणि एक किलोही परत आला नाही (डाएटिशियन माझा फोटो दाखवते नवीन पेशंटांना). आवाजाला काहीही झालं नाही. मी गात नाही, पण ऑफिसात भरपूर ओरडतो, त्यात काही फरक नाही. तुम्ही मुंबईला येऊन एकदा फुल बॉडी चेकअप करा, २०-२२ हजारात सगळं होतं, व्हिटॅमिनं पण कळतात.

सांगलीची_हळद:
दादा, ५ हजार लिहिलंय वर.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
हो वाचलं, पण तब्येतीच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

कुसुममावशी:
ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायची, वर खडीसाखर, आणि रात्री हळद घालून गरम दूध. आमच्या सासूबाई ऐंशीव्या वर्षी काकड आरती म्हणायच्या, गळा खणखणीत. ही ऑपरेशनं वगैरे नव्हती तेव्हा.

नाशिकची_बायपासवाली:
मावशी, रागावू नका पण आमच्यासारख्यांना खडीसाखर चघळत बसणं परवडत नाही. सर्जरीनंतर गोड एकदम पोटात गेलं की काहींना घाम, धडधड, चक्कर असं होतं, मला तर हमखास होतं. ज्येष्ठमधही रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर लांबच राहा. आणि झोपायच्या तोंडावर दूध तर नकोच.
ताई, तुमचं मला ॲसिडचं वाटतंय. स्लीव्हमध्ये पोटाची अरुंद नळी उरते, आतला दाब वाढतो, त्यामुळे ॲसिड वर यायचं प्रमाण स्लीव्हनंतर बऱ्याच जणांत वाढतं. गॅस्ट्रिक बायपासनंतर (पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात ती सर्जरी) उलट कमी होतं, म्हणून मला सर्जनने बायपासच सांगितली होती. जळजळ नाही म्हणून ॲसिड नाही असं नसतं. वाफेसारखं थेट घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राची मागची बाजू सुजते. सकाळी आवाज बसणं, सारखं खाकरणं, घशात गोळा असल्यासारखं वाटणं, हीच लक्षणं. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, डाव्या कुशीवर झोपा, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं.
माझ्या वेळी ज्या ईएनटीकडे गेले (नाव घेत नाही) त्याने आत न बघताच पाच दिवसांची अँटिबायोटिक्स दिली आणि ८०० रुपये घेतले.

खर्ज_कोल्हापूर:
डॉक्टर लोकांना गाण्यातलं काय कळतंय. ताई, पट्टी उतरवा. काळी चार सोडा, पांढरी पाच करा, जमलं तर पांढरी चार. आणि पहाटे चारला उठून खर्ज (खालचा सा) लावा तासभर, महिन्यात आवाज जाग्यावर येतोय का नाही बघा. आमच्या गुरुजींनी आम्हाला दोन वर्षं षड्जाच्या वर जाऊ दिलं नव्हतं. आताची पोरं सहा महिन्यांत तान मारायला बघत्यात.

डोंबिवली_फास्ट_नाही:
+१ पट्टी उतरवा.

काका_न्यू_जर्सी:
इथल्या ऑपेरात हे प्रकरण फार गाजलं होतं. डेबोरा व्हॉइट नावाची मोठी सोप्रानो (उंच आवाजाची गायिका). लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने तिला भूमिकेतून काढलं, कारण काय तर ठरलेल्या काळ्या ड्रेसमध्ये ती बसत नव्हती. २००४ साली तिने गॅस्ट्रिक बायपास करून घेतली, आणि २००८ मध्ये त्याच थिएटरात तीच भूमिका गायली! पण तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं की आधी शरीराचं वजनच श्वासाला आपसूक आधार द्यायचं, आता तो आधार स्नायूंनी मुद्दाम उभा करावा लागतो. मारिया कॅलास या दुसऱ्या ऑपेरा गायिकेने १९५३-५४ च्या सुमारास सर्जरी न करता खूप वजन उतरवलं, आणि तिचा आवाज त्याने गेला की आणखी कशाने, यावर लोक अजून भांडतात. मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराला दर सीझनला जातो, पुढच्या रांगेत, त्यामुळे हा फरक कानाला कळतो.
तुम्ही चांगला व्हॉइस कोच लावा. इथे तासाला १५०-२०० डॉलर घेतात, तिकडे स्वस्त असेल.

पुणेरी_पाटी:
आपल्याकडे अदनान सामीचं उदाहरण आहे की. २०० किलोच्या वर होता, सर्जरी केली, आवाज तस्साच.

नाशिकची_बायपासवाली:
त्याने बॅरिॲट्रिक (वजन उतरवायची सर्जरी) केलेली नाही, हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. डाएटवर उतरवलं.

पुणेरी_पाटी:
सगळे असंच सांगतात.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
आणि समजा केली तर लाज कसली? मी सगळ्यांना सांगतो.

काका_न्यू_जर्सी:
सांगता ते दिसतंच आहे.

वाचा_उपचार:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, ऑनलाइन निदान करणार नाही, पण इथे तीन-चार गोष्टींची खिचडी झालीय म्हणून लिहिते.
सकाळचं बसणं आणि खाकरणं हे ॲसिडशी जुळतं, नाशिकच्या ताई बरोबर आहेत. दम कमी पडणं मात्र वेगळं प्रकरण आहे. पोटावरची चरबी गेली की खरं तर छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याला हालचालीला जागा जास्त मिळते, छाती मोकळी होते. पण झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, प्रोटीन कमी पडत असेल तर जास्तच. शिवाय इतकी वर्षं ज्या शरीराच्या अंदाजाने श्वास सोडायची सवय होती ते शरीरच राहिलं नाही, तो अंदाज नव्याने बसवावा लागतो. घशाच्या आतलीही चरबी कमी होते, पोकळीचा आकार थोडा बदलतो, त्यामुळे घुमारा बदलल्यासारखा वाटू शकतो. सर्जरीनंतर आवाजाचं नेमकं काय होतं यावरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे 'कायमचं का' याला कुणी छातीठोक उत्तर दिलं तर विश्वास ठेवू नका.
पाणी किती पिता? स्लीव्हनंतर एका वेळी घोटभरच जातं आणि दिवसाअखेर बेरीज कमी भरते. स्वरतंतू कोरडे पडले की आवाज फाटतो. बी१२ आणि लोह तपासा, थकवा त्यानेही येतो.
आवाज तीन-चार आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर आधी स्वरयंत्र बघून घ्या, स्ट्रोबोस्कोपीची (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर बघायची तपासणी) सोय असेल तर उत्तम. भूल देताना घशात नळी घातलेली असते, तिच्यामुळे क्वचित गाठ येते, ती नाही ना हे कळायला हवं. मगच रियाज वाढवा. पहाटे चारला सुजलेल्या गळ्यावर तासभर खर्ज लावू नका, प्लीज. कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण येतो.
फुकटातला व्यायाम म्हणजे अर्ध्या पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, सा ते प आणि परत, पाच मिनिटं दिवसातून तीनदा. मुंबईला येणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत थेरपी माफक पैशात होते.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
स्ट्रॉ??? आम्हाला सर्जननी स्ट्रॉ बंद सांगितलाय, हवा पोटात जाते. चुकीचा सल्ला देऊ नका मॅडम.

वाचा_उपचार:
स्ट्रॉने प्यायचं नाहीये. बाहेर फुंकायचं आहे.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
तरी पण रिस्क नको.

खर्ज_कोल्हापूर:
आम्ही बुडबुडे न काढताच गायला शिकलो.

मिरजकर_तंतू:
ताई, तुम्ही सांगलीच्या म्हणून विचारतो, रियाजाला तानपुरा कुठला लावता? मोबाइल ॲपवर गात असाल तर आवाज पातळ वाटणारच. त्या बारक्या स्पीकरला खर्ज नसतोच, मग आपला तरी कुठून ऐकू येणार. मिरजेचा तानपुरा घ्या, भोपळ्याचा. २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आपल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला. जवारी (तारेखालची घोडी घासून आणलेला घुमारा) नीट काढलेली असली की गळा आपोआप उघडतो.

पुणेरी_पाटी:
५ हजारात मिरजेचा तानपुरा? भोपळा तरी येईल का?

मिरजकर_तंतू:
वस्तू एकदाच घ्यायची असते. माझ्याकडे वडिलांचे दोन आहेत, एकाची किंमत सांगितली तर तुम्ही झोपणार नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही:
इलेक्ट्रॉनिक बरा. लाइट गेली तर सेलवर चालतो.

मिरजकर_तंतू:
लाइट गेली तर खरा तानपुरा कशावर चालतो?

कुसुममावशी:
ज्येष्ठमध करून बघितलं का गं?

सांगलीची_हळद:
सगळ्यांचे आभार, मावशी नाही करून बघितलं, बीपीची गोळी आहे.
अपडेट देते. घराजवळच्या ईएनटीकडे गेले, नाकातून दुर्बीण घालून बघितलं, मॉनिटरवर मलाही दाखवलं. गाठ नाही. मागची बाजू लाल आणि सुजलेली आहे, ॲसिडच म्हणाले. सर्जनला फोन केला तर त्यांनी पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करायची गोळी) परत सुरू करायला सांगितलं, सकाळी उपाशीपोटी. मी दोन महिन्यांपूर्वी जळजळ नाही म्हणून आपणच बंद केली होती. सुधारलं नाही तर एंडोस्कोपी करू म्हणाले. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. विटा लावल्या, यजमान म्हणतात रात्री मी पायाकडे घसरतो. बुडबुड्यांनी खरंच बरं वाटतंय, थेरपिस्ट ताई धन्यवाद. पाणी मोजून पाहिलं तर दिवसाला लिटरभरसुद्धा होत नव्हतं, आता बाटली बरोबरच असते.
पट्टीचं म्हणाल तर पांढरी पाच लावून पाहिली, पांढरी चार पण. खाली नुसती हवा आणि वर सगळं मिळमिळीत. मग सहज पांढरी सहा लावली, काळी चारच्या वर, आणि पद असं सुटलं की हार्मोनियमवाले थांबून बघायला लागले. तर पहाटेला पांढरी सहाच घेणार आहे. अभंग मंद्रात जास्त फिरतो तो काढून टाकला, नाट्यपदं दोन्ही ठेवलीत, ताना निम्म्या केल्यात. ईएनटी म्हणाले होते दिवाळी होईपर्यंत गाऊच नका, ते काही जमणार नाही, शब्द दिलाय.

खर्ज_कोल्हापूर:
पट्टी चढवली?? मग इथं विचारलं कशाला.

वाचा_उपचार:
ताई, निदान कार्यक्रमाआधीचे दोन-तीन दिवस रियाज हलका ठेवा आणि आदल्या रात्री लवकर जेवा. मधे आवाज फाटला तर तिथेच थांबा, ढकलू नका.

सांगलीची_हळद:
हो ते करते. ५ हजारातले साडेतीन संपले, उरलेले ब्लाउज बारीक करायला दिलेत. सगळे खांद्यावरून उतरतायत.

ठाण्याचा_स्लीव्हवाला:
ब्लाउज बारीक करू नका, नवीन शिवा! अजून उतरणार वजन. मी सहा महिन्यांत तीनदा पँट बदलल्या.

डोंबिवली_फास्ट_नाही:
इलेक्ट्रॉनिक तानपुरा कुणाला हवा असेल तर माझा आहे, किरकोळ वापरलेला, पांढरी सहापर्यंत जातो. मेसेज करा.