टीसीएसची मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे, नक्की कशावर जोर देऊ?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं, गाव सांगलीजवळ. सध्या पुण्यात कर्वेनगरला मित्रांच्या रूमवर आहे. एनक्यूटी (टीसीएसची भरती परीक्षा) दिली होती, आता निन्जासाठी, म्हणजे त्यांच्या फ्रेशर्सच्या सगळ्यात खालच्या श्रेणीसाठी, मुलाखतीचा मेल आलाय, मुलाखत व्हिडिओवर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना तत-पप होतं. कोडिंग म्हणाल तर पायथनचा एक कोर्स, बस्स. यूट्यूबवरच्या 'टॉप १०० प्रश्न' याद्या बघून डोकं गरगरायला लागलंय. कुणी दिली असेल तर सांगा.

फेजथ्रीवाला:
आधी अभिनंदन. मी पण मेकॅनिकलच, २०२२ ला दिली होती. टीआर, एमआर, एचआर (टेक्निकल, मॅनेजरची आणि एचआरची फेरी) अशी तीन नावं ऐकून घाबरू नकोस, माझ्या वेळी तिघे एकदमच बसले होते आणि अर्ध्या तासात आटपलं. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक, डेटाबेसमधली प्रायमरी की म्हणजे काय, एक साधी एसक्यूएल क्वेरी, पॅलिंड्रोमचा प्रोग्राम. एवढंच विचारलं.

घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. रेझ्युमेत मित्राचं बघून 'मशीन लर्निंग' टाकलं होतं. पहिलाच प्रश्न त्यावर! दोन मिनिटं काहीबाही बोललो, मग गप्प. त्यानंतर मला येणाऱ्या गोष्टीही नीट सांगता येईनात. तेव्हा आज रात्री रेझ्युमे उघड आणि ज्यावर पाच मिनिटं बोलता येत नाही ती प्रत्येक ओळ उडव.

कृष्णाकाठ:
दादा, मग तर माझा प्रोजेक्टच उडवावा लागेल 😅 उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र, चौघांनी मिळून केलं. मी फक्त शाफ्टचं डिझाइन केलं, ब्लेडचं मला फारसं कळत नाही.

अनुराधा_ठाणे:
अरे, उडवू नकोस! मी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखती घेते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. प्रत्येक जण 'आम्ही केलं, आम्ही केलं' म्हणतो. 'शाफ्ट माझा, ब्लेड मित्राने केलं' असं सरळ सांगणारा मुलगा आला की बरं वाटतं, कारण मग विचारायला काहीतरी ठोस मिळतं. मोटर किती एचपीची, आरपीएम किती, त्यावरून टॉर्क किती आला, व्यास किती काढलास आणि बाजारात मिळणारा कितीचा घेतलास, माइल्ड स्टीलच का. हे तोंडपाठ नको, एकदा वहीत स्वतः सोडव.

इंग्रजीचं म्हणशील तर ही शाफ्टची गोष्ट आधी मोठ्याने मराठीत सांग, मग इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून ऐक. चारदा केलंस की अडखळणं बरंच कमी होईल. सावकाश बोललास तर कुणी मार्क कापत नाही. आणि येत नसेल तर येत नाही म्हण.

पोस्टऑफिससमोर:
निन्जाला पगार किती हल्ली?

फेजथ्रीवाला:
वर्षाला ३.३६ लाख, वर्षानुवर्षं तोच आकडा. डिजिटल म्हणजे वरची श्रेणी, तिला ७ लाख. महिन्याला २८ हजार हातात पडतील असं धरू नका, पीएफ वगैरे कापूनच येतात.

एचआरवाले 'कुठेही जाल का' आणि 'रात्रपाळी चालेल का' हे विचारतातच. घरी आधी बोलून घे. माझ्याबरोबरच्या एकाने हो म्हटलं आणि चेन्नई मिळाल्यावर घरात रडारड.

मावशीचा_गण्या:
विषयांतर होतंय पण सांगतोच. निवड झाल्याचा मेल येईल तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघ. माझ्या मावसभावाला 'लॅपटॉपचं डिपॉझिट' म्हणून साडेसात हजार भरायला लावले होते, कंपनीच्या नावाने, जीमेलवरून. खरी कंपनी नोकरीसाठी पैसे मागत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. वही काढून शाफ्टला बसलोय. मोटर २ एचपीची होती, १४४० आरपीएम, टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटर येतोय. ताई, बरोबर ना? आणि टाय लावू का?

अनुराधा_ठाणे:
बरोबर. पण बेल्टने वेग कमी केला असेल तर शाफ्टवरचा टॉर्क त्या प्रमाणात वाढेल, ते बघ. टाय नको, इस्त्रीचा शर्ट पुरे.

फेजथ्रीवाला:
गुरुवार आहे ना रे? पुण्यात गुरुवारी महावितरण दुरुस्तीला लाइट घालवतं. लॅपटॉप फुल चार्ज कर, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव, नाहीतर सरळ लाइट असलेल्या मित्राकडे जाऊन बस.