मदत हवी आहे: बालभारतीची पुस्तके मोठ्या अक्षरांत कुठे मिळतील?

रेवा_क: भाचीला नीट दिसत नाही. शाळा म्हणते, तसली पुस्तके आमच्याकडे येत नाहीत. पीडीएफ मोबाइलकडून वाचून घ्यावी तर भलतेच काहीतरी उच्चारतो. चाचणी तोंडावर आहे, लवकर सांगा.

पांथस्थ: इयत्ता? दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर टक्के किती? छापील वाचते की ब्रेल? शाळा अनुदानित की खाजगी?

जुना_टंक: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य चिन्हे आली तर फाइल युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) नाही, स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारे ॲप) तीच चिन्हे वाचणार. पानांच्या ३०० डीपीआयच्या (पुरेशा स्पष्ट) प्रतिमा काढा आणि टेसरॅक्ट या प्रोग्रॅममध्ये मराठी निवडून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरे मजकुरात बदलून घ्या. दोन रकान्यांचे पान आधी मधोमध कापा, नाहीतर ओळी एकमेकींत मिसळतात. अपूर्णांक हातानेच टंका. छेद हमखास खालच्या ओळीत जाऊन पडतो.

साधी_मात्रा: एवढा खटाटोप कशाला? झेरॉक्सवर ए४ चे ए३ करा.

जुना_टंक: म्हणजे १४१ टक्के. १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम १७ होते, लार्ज प्रिंटला निदान १८ धरतात. शिवाय रंगीत चौकटी करड्या पडतात. अल्पदृष्टीला आकाराइतकाच कॉन्ट्रास्ट लागतो.

बिंदुलिपी: ब्रेल शिकवा. नुसते ऐकून ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे कधीच पक्की होत नाहीत.

पांथस्थ: शुद्धलेखनाचे पटले. पण छापील वाचता येत असेल तर आधी ब्रेल कशाला? नजर उतरत जाणार असेल तर दोन्ही बरोबर शिकवा.

पारिजात: लेखनिक घेता येतो. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत परीक्षेच्या दर तासाला किमान २० मिनिटे जादा दिली होती.

रेवा_क: परीक्षेतल्या सवलतींचे विचारले नाही. सहावी, मराठी माध्यम, ४० टक्के, विनाअनुदानित. मोठे अक्षर वाचते.

पांथस्थ: मग हक्काचे आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १७(जी): ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके मोफत. जबाबदारी सरकारची, शाळेला अनुदान नाही हे कारण चालत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे (शहरात मनपाच्या शिक्षण विभागाकडे) विषयवार लेखी मागणी द्या, पोच घ्या. त्याआधी यू-डायसमधली (शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीतली) तिची नोंद बघा. 'अल्पदृष्टी'ऐवजी 'अंध' लागले असेल तर ब्रेल संच हाती येण्याची भीती. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

साधी_मात्रा: आणि ओसीआर केलेली फाइल वाटली तर कॉपीराइट?

पांथस्थ: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) मध्ये दिव्यांगांसाठी सूट आहे, २०१२ पासून. फक्त नफा घेऊ नका, आणि फाइल दिव्यांग विद्यार्थ्यांपुरतीच ठेवा.

जुना_टंक: रेवाताई, चाचणीला कोणते धडे आहेत? तेवढेच आधी करा. अख्खे पुस्तक नंतर.