अनुभव धागा: लिलार्ड कुठे जाणार?

१ जुलै २०२३ ला एनबीएतला (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) स्टार डेमियन लिलार्डने आपल्या पोर्टलंड टीमकडे ट्रेड मागितला, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या टीमकडे पाठवा म्हणाला. ११ सीझन एकाच टीमकडून खेळलेला माणूस, आणि जायचं फक्त मायामीला. निकाल लागला २७ सप्टेंबरला. ते जवळजवळ तीन महिने तुम्ही कसे काढलेत? काय अंदाज बांधलेत? मोकळेपणाने लिहा.

बीव्हर्टन, पोर्टलंडजवळ
आम्ही चौघे मराठी. रविवारी सकाळी पोहे झाले की कागद-पेन घेऊन बसायचो. लिलार्डचा पगार साडेचार कोटी डॉलरच्या वर. मायामी पगाराच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे त्यांना जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू इकडे पाठवावे लागणार. मायामीचा गार्ड (चेंडू पुढे नेणारा, बाहेरून खेळणारा) टायलर हिरो येणार हे धरून चाललो होतो. पण आमच्याकडे गार्ड अँफर्नी सायमन्स, शिवाय ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) नुकताच तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला गार्ड स्कूट हेंडरसन. आणखी एक गार्ड ठेवायचा कुठे? मग हिरो तिसऱ्या टीमकडे, तिकडून पिक्स (पुढच्या ड्राफ्टमध्ये निवडीचे हक्क) आपल्याकडे, असे बाण काढत बसायचो.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, लिलार्डची शून्य नंबरची जर्सी घालून शेजारी बसलेली. एकदा तिने खोडरबर घेतला आणि लिलार्डच्या नावातून निघालेला बाण खोडायला लागली. पेनाची शाई, ती कसली जातेय! कागद फाटेपर्यंत घासत राहिली. त्यानंतर आम्ही बैठक दुसऱ्याच्या घरी हलवली.

पुणे
अनंत चतुर्दशीची आदली रात्र. पथकाचे ढोल ताणत बसलो होतो आणि फोनवर बातमी: मिलवॉकी! लिलार्ड तिथला स्टार यानिसच्या जोडीला. तिसरी टीम फिनिक्स. फिनिक्सचा डिआंद्रे एटन पोर्टलंडला, पोर्टलंडचा नर्किच फिनिक्सला. आमच्या ग्रुपवर मिलवॉकीचं नाव एकदाही निघालं नव्हतं. ढोल तसाच मांडीवर, दोर सैल.

मुंबई, नागपाडा
मी ज्रू हॉलिडेचा चाहता, तेव्हा तो मिलवॉकीकडे होता. इथे नागपाड्यात कोर्टावर वाढलो, सरांनी आधी बचाव शिकवला. म्हणून मला तोच आवडतो. २०२१ च्या फायनलमधला पाचवा सामना आठवा: हॉलिडेने फिनिक्सच्या बुकरच्या हातातून चेंडू हिसकावला आणि यानिसला उंच पास. त्या माणसाला लिलार्डच्या बदल्यात पोर्टलंडला पाठवलं आणि चारच दिवसांत तिथून बॉस्टनला. सगळे लिलार्ड-लिलार्ड करत होते, याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला फार लागलं ते. २०२४ च्या जूनमध्ये हॉलिडेच्या बॉस्टनने विजेतेपद जिंकलं, त्या सकाळी मी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

पुन्हा बीव्हर्टन
नागपाडावाले, खरं आहे तुमचं. आमच्या एकाही कागदावर हॉलिडे नव्हता.

जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने लिलार्डला करारातून मोकळं केलं आणि तो अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटलेल्या पायाने पोर्टलंडला परत आला. बातमी मुलीनेच सांगितली, धावत येऊन. पगार जुळवायचे नव्हते, तिसरी टीम शोधायची नव्हती.