मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या हीटरचा ब्लोअर चालता चालता मंदावतो, स्विचमागून जळका वास

मंडळी, जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घातलेल्या कोणाचा तरी सल्ला हवा आहे.

गाडी १९९६ ची, पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली, एमएच-१२ पासिंग. वडिलांनी नवी घेतलेली, आजही रोजच्या वापरात आहे. एसी नाही, नुसता हीटर. पुण्यात हीटर कशाला लागतो, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो: थंडीत भल्या पहाटे सासवडला निघालं की दिवे घाटात आई शाल पांघरूनही कुडकुडते. पण खरी गरज पावसाळ्यात. ताम्हिणीत पाऊस लागला, काचा वर केल्या की पुढची काच आतून धूसर होते, आणि एसी नसलेल्या गाडीत ती साफ ठेवायला गरम वाऱ्यावाचून दुसरा उपाय नाही. एका हाताने फडकं फिरवत घाट उतरणं मला मान्य नाही.

तक्रार अशी की फुल स्पीडवर पंखा सुरुवातीला झकास चालतो, मग दहा-पंधरा मिनिटांत आवाज खाली येतो आणि डॅशमागून प्लॅस्टिक तापल्याचा वास सुटतो. कमी स्पीडवर ठेवला तर वास येत नाही. पाण्याच्या बाजूचा दोष नाही. इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही होज (गरम पाण्याचे रबरी पाइप) हाताला सारखेच गरम लागतात. स्विच बाहेर काढून पाहिला, तर फुल स्पीडच्या वायरपाशी कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा सॉकेट) तपकिरी पडलाय आणि आतली पिन काळवंडली आहे. फ्यूजही कडेने करपलाय, पण उडालेला नाही.

जवळच्या इलेक्ट्रिशियनने सरळ सांगितलं, "१५ अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा टाकू." मी नाही म्हटलं. मोटर जास्त करंट ओढत असती तर १५ चा फ्यूज उडाला असता. तो न उडताच करपतोय, म्हणजे उष्णता सैल नाहीतर गंजलेल्या जोडातून येतेय. ३० चा टाकून तो जोड सुधारणार नाही. उलट उद्या खरंच शॉर्ट झाला तर फ्यूजच्या आधी वायर पेटेल. या पोस्टमधलं बाकी काही कोणाच्या कामाचं नसलं तरी चालेल, पण जुन्या गाडीत कोणी मोठा फ्यूज सुचवला तर ऐकू नका.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, पंखा फुल. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर धरून रीडिंग घेत गेलो: बॅटरी १३.९ व्होल्ट, फ्यूजच्या आधी १३.६, फ्यूजनंतर १२.९, स्विचमधून बाहेर ११.२, मोटरच्या पिनवर ११.०. मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या) वायरवर मात्र ०.९. म्हणजे मोटरला मिळतात जेमतेम १०.१ व्होल्ट. स्विच फुलवर ठेवून मोटरचा कपलर सोडून मोजलं तर तिथेच पूर्ण व्होल्टेज दिसतं, म्हणून मोजायचं ते लोड देऊनच, म्हणजे पंखा चालू असताना. डीसी क्लॅम्प मीटरवर करंट ८ अँपिअर. एकट्या स्विचमध्ये १.७ व्होल्ट जातात, म्हणजे साधारण साडेतेरा वॉट. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता त्या एका पिनपाशी साठतेय. फुल स्पीडला रेझिस्टर (कमी स्पीडसाठी करंट अडवणारा भाग) मधे येतच नाही, त्यामुळे तो मी बाजूला ठेवलाय.

आता प्रश्न.

स्विच उघडून पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासले तर टिकेल का? मला शंका आहे की इतक्या उष्णतेने आतल्या पत्तीचा ताणच गेला असेल. नाना पेठेत विचारलं, ओरिजिनल मिळत नाही म्हणाले. बुधवारी जुन्या बाजारात शोधणार आहे, पण तिथला स्विचही तितकाच म्हातारा असणार.

दुसरा मार्ग रिलेचा, म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. बॅटरीजवळ १५ चा फ्यूज, तिथून नवी वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून मोटरला, आणि स्विचची फुल स्पीडची वायर फक्त ८६ ला, ८५ अर्थला. ही जुनी वायर मोटरपासून तोडावी लागेल, नाहीतर ८७ चा करंट उलटा कॉइलकडे येऊन रिले सुटणारच नाही, असं मला वाटतं. बरोबर आहे ना? कोणी केलं असेल तर रिले कुठे बसवला, पावसाचं पाणी कसं टाळलं, तेही सांगा.

ता. क. बॉडी अर्थ तपासायला एकांनी सुचवलं, त्यांचे आभार. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी फक्त ०.०८ व्होल्ट, म्हणजे जाड पट्टी ठीक आहे. दोष मोटरच्या अर्थच्या बोल्टमध्येच निघाला. काचेखालच्या जाळीतून झिरपलेलं पाणी नेमकं त्याच्यावर पडत होतं, थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली) गंजाचा थर होता. घासून चकचकीत केला, नवं थिंबल लावलं, आता तिथे ०.१ व्होल्टच जातो. पंख्याचा जोर वाढलाय, पण स्विचमागचा वास कायम आहे. रिलेबद्दल कळेपर्यंत फुल स्पीड वापरणार नाही.