मदत हवी आहे: पेजमेकरमधल्या जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याने १९९७ पासून पुढची काही वर्षं आमच्या भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतल्या. निवडक ओव्यांचं छोटं पुस्तक निघालं. पण ओवी कुणी सांगितली, तिचं माहेर कुठलं, सासर कुठलं, या टिपा पुस्तकात आल्या नाहीत. वह्या पुराच्या पाण्यात गेल्या, म्हणजे त्या टिपा आता फक्त फाइलींतच आहेत. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकजणी हयात नाहीत, त्यामुळे परत विचारायलाही कुणी नाही.

माझ्याकडे साडेतीन इंची फ्लॉप्या आणि काही सीडी आहेत. फाइली पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या. एका सीडीवरच्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, पण मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्याच सीडीवर फॉन्ट सापडले. ते बसवल्यावर पान स्वच्छ देवनागरीत दिसलं, आत्याचं नाव वाचून फार बरं वाटलं. मात्र मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा खिचडीच.

नेटवरचे फॉन्ट परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या प्रमाण संकेतांत) बदलणारी साधनं, वापरून पाहिले. 'धार्मिक'चं 'धामिर्क' होतं, 'दऱ्या'चं 'दर्या'. ओव्या बोलीत असल्याने शुद्धलेखन तपासनीसही कामाचा नाही.

फ्लॉप्यांना हात कसा लावावा? शब्द न बिघडता युनिकोड कसं करावं? आणि पुढे हे ठेवावं कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
आधी फ्लॉप्या. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. घालण्यापूर्वी पत्र्याची झडप सरकवून चकतीवर बुरशी आहे का बघा. असेल तर घालू नका, ड्राइव्हचं डोकं खराब होतं आणि पुढच्या फ्लॉप्याही जातात. कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर कदापि हो म्हणू नका. एकेक फाइल ओढत बसण्यापेक्षा डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीत जशीच्या तशी नक्कल, घ्या, १.४४ एमबीच तर आहे. सीडींचीही तशीच प्रतिमा घ्या, घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर कालांतराने उडतो.

प्रतिसाद २:
त्या काळचे फॉन्ट अक्षर साठवत नाहीत, अक्षराचे तुकडे साठवतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, म्हणून 'धामिर्क'. शिवाय प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी, त्यामुळे परिवर्तक त्याच फॉन्टसाठी बनलेला हवा.

दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. पान देवनागरीत दिसतंय ना? मग फॉन्ट आत बसवून पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) करून ठेवा. टिपा तिथेच बचावल्या. मग त्या पानांची मोठी चित्रं काढून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमच्या मराठी ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सोयीला) द्या. स्वच्छ छपाई ते बरं वाचतं, पण 'ऱ्य' तिथेही तपासावा लागेल. ओसीआर आणि परिवर्तक, दोन्हींचे मजकूर शेजारी लावा. जिथे फरक दिसेल ती जागा आधी डोळ्यांनी बघा, मग सगळं एकदा पीडीएफशी ताडून वाचा. शेवटचा मजकूर साध्या युटीएफ-८ (युनिकोड मजकुराच्या) फाइलीत ठेवा, ती उघडायला कुठल्याच कंपनीची गरज पडत नाही. मूळ फाइली आणि फॉन्ट मात्र टाकू नका. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पीडीएफचं काम आजच सुरू करतो. काही पानांवर लिब्रेऑफिसमध्ये टिपांच्या चौकटी एकमेकींवर चढतात, तेवढ्यांसाठी मूळ पेजमेकर लागेलच. नाशिक किंवा पुणे परिसरात कुणाकडे तो चालू असलेला जुना संगणक, किंवा त्या फाइली उघडणारं इनडिझाइन सीएस६ हे सॉफ्टवेअर असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सीडी घेऊन मी स्वतः येईन.