टँगवर पांढरे ठिपके: मुख्य टाकीतच कॉपर टाकू का?

खारी_टाकी (प्रश्न)
नमस्कार मंडळी. ३०० लिटरची मरीन टाकी आहे. मासे: दोन ऑसेलारिस क्लाउन, एक यलो टँग, नवीन आणलेला एक रॉयल ग्रामा. सोबत सॉफ्ट कोरल, क्लीनर श्रिम्प आणि गोगलगायी. टँगच्या परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके आले, चार दिवसांत गेले आणि आठवड्याभरात दुपटीने परतले. मासा खातोय, पण दगडाला अंग घासतोय. अमोनिया, नायट्राइट शून्य, तापमान २६, ग्रॅव्हिटी (खारेपणा) १.०२५. दुकानदार म्हणतो लसूण द्या, तापमान ३० करा. मुख्य टाकीत कॉपर (परजीवी मारायचं तांब्याचं औषध) टाकलं तर चालेल का?

रीफ_कट्टा
मुख्य टाकीत अजिबात नको. श्रिम्प आणि गोगलगायी मरतील, कोरल जातील. शिवाय लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणूंनी भरलेले दगड) आणि वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकत नाही.

ठिपके जाऊन परत आले, म्हणजे हा मरीन इक, क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा रोग. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही. परजीवी तीन ते सात दिवस माशावर पोसतो, मग गळून पडतो आणि दगडावर, काचेवर कवच करून बसतो. त्यातून शेकडो पिल्लं सुटतात आणि मासा शोधतात. कॉपर मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. माशावरचा ठिपका आणि कवच, दोन्हींवर त्याचा उपयोग नाही.

म्हणून सगळे मासे बाहेर काढा, ठिपके नसलेलेही. ८०-१०० लिटरची साधी काचेची टाकी, वाळू आणि दगड न घालता. स्पंज फिल्टर, हीटर, एअर स्टोन, लपायला पीव्हीसीचे एल्बो. कार्बन आणि यूव्ही काढून ठेवा. चिलेटेड कॉपर (पाण्यात टिकून राहील असं बांधलेलं), उदा. कॉपर पॉवर, पहिल्या दिवशी १.५ पीपीएम (मिग्रॅ प्रति लिटर), मग दोन-तीन दिवसांत चढवत २.२५ ते २.५. रंग जुळवायच्या किटवर विसंबू नका, हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर (डिजिटल मीटर) घ्या. पातळी २ च्या खाली गेली की मोजणी पहिल्या दिवसापासून. सलग ३० दिवस ठेवा. किंवा १४ दिवस पूर्ण पातळीवर ठेवून, किमान तीन मीटर लांबच्या, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवा.

मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना. कवचातून पिल्लं ७२ दिवसांपर्यंत सुटल्याची नोंद आहे, म्हणून हा आकडा. या काळात श्रिम्पला थोडं खाद्य द्या. नवीन कोरल आणलात तर मोजणी पुन्हा सुरू, कारण कवच फ्रॅग प्लगवरही (कोरलचा तुकडा चिकटवलेल्या चकतीवरही) बसून येतं. दोन्ही टाक्यांची जाळी, बादली, पाइप वेगळे.

लसणाने भूक वाढेल, परजीवी जाणार नाही. तापमान ३० केलं तर इकचं चक्र वेगाने फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. कल्ल्यांना आधीच इजा झालेल्या माशाला ते झेपत नाही.

कल्ले_आधी_बघा
आजच रात्री दिवे बंद करून टॉर्च तिरकी मारून माशाचं अंग बघा. मोजता येतील असे ठिपके असतील तर इक. अंगभर सोनेरी-करडी बारीक भुकटी, भराभर श्वास, पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभं राहणं, उजेड टाळणं, हे दिसलं तर ते व्हेल्वेट, दुसरा परजीवी. त्यात दोन-तीन दिवसांत सगळी टाकी रिकामी होते, ठिपके दिसायच्या आधीसुद्धा. अशा वेळी कॉपर हळू चढवायला वेळ नसतो, २४ तासांत पूर्ण पातळी गाठावी लागते. क्लाउनच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला, हा आणखी एक परजीवी. त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मलिनची आंघोळ लागते.

खारी_टाकी
टॉर्चने पाहिलं, ठिपके सुटे आहेत. श्वास थोडा जलद, पण प्रवाहात उभा नाही. कृषी दुकानातलं मोरचूद वापरलं तर? स्वस्त पडतं. आणि नवीन टाकीत अमोनिया चढला तर?

रीफ_कट्टा
मोरचूद टाळा, ते म्हणजे साधं कॉपर सल्फेट. त्याची पातळी फक्त ०.१५ ते ०.२० पीपीएम ठेवावी लागते. त्याखाली उपयोग नाही, वर गेलं की मासा मरतो, आणि खाऱ्या पाण्यात ते अवक्षेपित होऊन काही तासांत खाली येतं. चिलेटेडला हा त्रास कमी.

अमोनियाची भीती खरी आहे, अशा वेगळ्या (क्वारंटाइन) टाकीतले बरेच मासे त्यानेच जातात. स्पंज आताच मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टर टाकीत) ठेवून, अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया बसेपर्यंत दोन-तीन आठवडे मुरवणं उत्तम, पण ठिपके दुपटीने आलेत, तेवढं थांबू नका. मासे हलवा, बाटलीतले तयार बॅक्टेरिया घाला, रोज अमोनिया मोजा. ०.५ पीपीएमच्या आसपास दिसताच ३० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात तितकंच कॉपर आधी मिसळायचं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र नुसतं आरओ पाणी, कारण कॉपर उडत नाही. अमोनिया बांधणारं कंडिशनर कॉपरसोबत नको, त्याने कॉपरचं अधिक विषारी रूप बनतं.

कल्ले_आधी_बघा
वीज जाते का तुमच्याकडे? बॅटरीवरचा एअर पंप जोडून ठेवा. कॉपरमध्ये अर्धा दिवस हवा बंद पडली तर टँग आधी जाईल.

कॉपर संपल्यावर, त्याच टाकीत प्राझिक्वांटेल (जंतांचं औषध) २.५ मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे ८० लिटरला २०० मिग्रॅ, आणि ५-७ दिवसांनी पुन्हा एकदा. ते फ्लूकसाठी (कल्ल्यांवर, अंगावर चिकटणाऱ्या चपट्या कृमींसाठी), कारण त्यांच्यावर कॉपर लागू पडत नाही. शुद्ध पावडर घ्या, गोळ्यांमधल्या भुकटीने पाणी गढूळ होतं. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या व्होडकात ढवळून घ्या. त्या दिवशी पाण्यात हवा दुप्पट सोडा.